पिंग येतो, पण रोजकीर्द उघडत नाही : एका पतसंस्थेच्या सर्व्हरचं प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी पतसंस्थेचा सर्व्हर वर्षानुवर्षं मुख्य कार्यालयातल्या एका खोलीत होता. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला की धावपळ. शेवटी संचालक मंडळाने ठराव केला आणि सर्व्हर पुण्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या मशीनवर गेला. हलवाहलव शनिवार-रविवारी झाली. सोमवारी सकाळी शाखा उघडल्या, लॉगिन झालं, भरणा-उचल सुरू झाली, आणि सगळं ठीक आहे असं वाटलं. दुपारनंतर फोन सुरू झाले. पहिला फोन एका शाखाधिकाऱ्यांचा : “साहेब, लॉगिन हुतंय, पावती निघत्या, पर रोजकीर्द काय उघडंना.” रोजकीर्द म्हणजे दिवसभराच्या सगळ्या व्यवहारांची नोंदवही.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यातला दोष अगदी जुना आणि चांगला माहीत असलेला आहे, तरीही तो दर वेळी भलत्याच माणसाच्या गळ्यात पडतो. इथेही तेच होत होतं.

मांडणी

सर्व्हर लिनक्सचा. त्याच्यापुढे डेटा सेंटरमध्येच एक छोटं लिनक्स गेटवे मशीन, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरचं दार. प्रत्येक शाखेत एक लहान लिनक्स राउटर, त्याला स्थानिक कंपनीची फायबर लाइन. राउटर आणि गेटवे यांच्यात वायरगार्डचा बोगदा, म्हणजे शाखेतला सगळा व्यवहार कूटबद्ध होऊन पुण्याला जातो. मुख्य कार्यालय आणि त्याला लागून असलेली एक शाखा मात्र जुन्या लीज्ड लाइनवर होती. तिथे बोगदा नाही.

तक्रार फक्त फायबरवरच्या शाखांची होती. त्यामुळे पहिलं बोट फायबर कंपनीकडे गेलं. त्यांचा माणूस आला, त्याने स्पीड टेस्ट दाखवली, पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का हे पाहणारी चाचणी) दाखवला, एमटीआर हे वाटेवरचे टप्पे तपासणारं साधन लावून एकही पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा मालाचा तुकडा) गळत नाही हे दाखवलं आणि “लाइन ओके” म्हणून गेला. तो खोटं बोलत नव्हता. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी शाखेच्या राउटरवर शिरून तिथूनच कर्ल या कमांडने रोजकीर्दीचं पान मागवलं. ते क्षणात आलं. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की दोष शाखेच्या संगणकांतल्या अँटिव्हायरसचा आहे. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी लोड पाहिला, मेमरी पाहिली, दोन्ही निवांत. तिघांकडेही पुरावा होता, आणि तिघांचाही पुरावा खरा होता.

खरा धागा एका शाखेतल्या रोखपाल मॅडमनी दिला. त्या म्हणाल्या, “सर, नव्या खात्याचा उतारा लगेच येतो. जुन्या खात्याचा कधीच येत नाही. स्क्रीन तीच, बटण तेच.” शिवाय पिग्मी एजंटांच्या मशीनमधला दिवसभराचा भरणा शाखेतून सर्व्हरवर व्यवस्थित चढत होता, आणि ती फाइल काही लहान नसते. म्हणजे शाखेकडून सर्व्हरकडे मोठा माल जातो; सर्व्हरकडून शाखेकडे लहान माल येतो, मोठा येत नाही. एवढं समजल्यावर शोधाची दिशा ठरली. वापरणाऱ्या माणसाने सांगितलेला असा फरक लॉगच्या दहा पानांपेक्षा मोलाचा असतो, आणि तो शांतपणे ऐकून घ्यायची सवय आपल्या धंद्यात फार कमी लोकांना आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सर्व्हरला काय वाटतंय

मी सुरुवात सर्व्हरवर एसएस या कमांडने केली. जुन्या नेटस्टॅटच्या जागी आलेली ही कमांड नुसती कनेक्शनची यादी देत नाही. ‘-टीआयएन’ हे पर्याय लावले की प्रत्येक टीसीपी (पोच घेत माल पाठवण्याची पद्धत) कनेक्शनबद्दल कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मनात काय चाललंय ते दिसतं. मॅडमना फोनवर सांगितलं, “आता जुन्या खात्याचा उतारा उघडा,” आणि त्यांच्या संगणकाच्या पत्त्यापुरती गाळणी लावून कमांड पुन्हा पुन्हा चालवली.

कनेक्शन जिवंत होतं. पाठवायच्या रांगेत हजारो बाइट तुंबलेले होते. खालच्या ओळीत एमएसएस (एका पॅकेटमधला जास्तीत जास्त माल) १४६०, पीएमटीयू (अख्ख्या वाटेवर मावणारं सर्वांत मोठं पॅकेट) १५००, सीडब्ल्यूएनडी (पोच येण्याआधी पाठवता येणारी पॅकेटं) १, आणि बॅकऑफचा, म्हणजे थांबण्याची मुदत किती वेळा दुप्पट झाली त्याचा, आकडा प्रत्येक वेळी एकाने वाढत होता. याचा अर्थ सरळ आहे. सर्व्हरने पॅकेट पाठवलं, पोच आली नाही, थोडं थांबून तेच पुन्हा पाठवलं, पुन्हा पोच नाही, मग दुप्पट थांबला. लिनक्समध्ये ही थांबण्याची मुदत दुप्पट होत होत १२० सेकंदांपर्यंत जाते, आणि नेहमीच्या मांडणीत कर्नल हात टेकायला पंधरा मिनिटांच्या आसपास घेतो. म्हणून शाखेत कुठलीही एरर येत नव्हती. चाक फिरत राहायचं.

पीएमटीयू १५०० हा आकडा मला खटकला. सर्व्हरची समजूत अशी होती की शाखेपर्यंतच्या संपूर्ण वाटेवर १५०० बाइटचं पॅकेट जाऊ शकतं. वाटेत तर वायरगार्ड आहे.

इथे थोडं गणित करावंच लागतं. इथरनेटवर एका पॅकेटची नेहमीची कमाल लांबी १५०० बाइट. त्यातले २० आयपीच्या शीर्षकाचे, २० टीसीपीच्या शीर्षकाचे, उरले १४६०, हाच एमएसएस. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला आपलं वेष्टण चढवतो : बाहेरचा आयपी २०, यूडीपी ८, वायरगार्डचं स्वतःचं ३२, एकूण ६०. बाहेरचा पत्ता आयपीव्ही६ (आयपीची नवी, लांब पत्त्यांची आवृत्ती) असेल तर ८०. ही मोठी शक्यता धरून वायरगार्डच्या इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, सहसा १४२० ठेवला जातो. आमच्याकडेही तोच होता. १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, आणि पीपीपीओई या जोडणी-पद्धतीवर चालणाऱ्या फायबर लाइनची मर्यादा १४९२. म्हणजे फायबर कंपनीची लाइन या सगळ्यात पूर्णपणे निर्दोष होती.

आता राउटरवरून कर्ल का चालला तेही कळतं. राउटर स्वतः जेव्हा बोगद्यातून कनेक्शन उघडतो तेव्हा तो सर्व्हरला सांगतो की माझा एमएसएस १३८० आहे, कारण त्याचा इंटरफेसच १४२० चा आहे. सर्व्हर त्या मापाची पॅकेटं पाठवतो आणि ती आरामात जातात. राउटरमागच्या संगणकाला बोगद्याची खबरच नसते. तो आपल्या १५०० च्या इथरनेटवर बसून १४६० सांगतो. दोन्ही मशीन एकाच टेबलावर, लाइन एकच, तरी एकाला पान मिळतं आणि दुसऱ्याला नाही. म्हणून ज्या मशीनवर त्रास आहे त्याच मशीनवरून तपासायचं, शेजारच्या मशीनवरून नाही.

मोठा पिंग

नेहमीचा पिंग विंडोजवर ३२ बाइटचा माल पाठवतो, लिनक्सवर ५६ चा. एमटीआरचं पॅकेट ६४ बाइटचं. एवढंसं पॅकेट कुठल्याही बोगद्यातून जाणारच. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग लिहिला तेव्हापासून तो एकाच प्रश्नाचं उत्तर देत आलाय : पलीकडे पोचता येतं का? केवढ्या मापाने पोचता येतं, हे त्याला वेगळं विचारावं लागतं.

लिनक्सवर पिंगला ‘-एम डू’ दिलं की पॅकेटवर “तोडू नका” अशी खूण लागते, आणि ‘-एस’ने मालाचं माप ठरवता येतं. वर ८ बाइट आयसीएमपीचे (पिंग आणि चुकांचे निरोप ज्या पद्धतीने जातात ती) आणि २० आयपीचे चढतात, म्हणून १४७२ चा माल म्हणजे पूर्ण १५०० चं पॅकेट. सर्व्हरवरून शाखेच्या राउटरच्या आतल्या पत्त्यावर हा पिंग सोडला. संगणकाचा पत्ता मुद्दाम टाळला, कारण विंडोजची स्वतःची फायरवॉल बहुधा पिंगला उत्तर देऊ देत नाही आणि मग उगाच गोंधळ वाढतो.

१३९२ ला उत्तर आलं. १३९३ ला काहीच नाही.

मर्यादा बरोबर १४२० वर होती, म्हणजे बोगद्याचा अंदाज खरा ठरला. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती १३९३ नंतरची शांतता. पॅकेट मोठं असेल आणि त्यावर “तोडू नका” अशी खूण असेल, तर गेटवेने ते फेकून द्यायचं असतं हे खरं. त्याबरोबर पाठवणाऱ्याला कळवायचंही असतं की पुढची वाट १४२० चीच आहे. हे कळवणं म्हणजे आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४. नोव्हेंबर १९९० मध्ये जेफ्री मोगल आणि स्टीफन डीअरिंग यांनी आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हीच पद्धत मांडली आणि इंटरनेट आजही तिच्यावर चालतं. पिंगच्या पडद्यावर तो निरोप दिसायला हवा होता. दिसला नाही. मग एक तर गेटवे तो पाठवत नव्हता, किंवा सर्व्हरपर्यंत येऊन तो हरवत होता.

विंडोजच्या बाजूने, ‘-एफ’ आणि ‘-एल १४७२’ लावून, मॅडमच्या संगणकावरून उलटा पिंग केला तर शाखेच्या राउटरने लगेच सांगितलं की पॅकेट तोडावं लागेल. म्हणजे शाखेच्या बाजूला निरोप नीट पोचत होता, आणि म्हणूनच पिग्मीची फाइल चढत होती. बिघाड एकाच दिशेचा होता.

टीसीपीडम्पने दाखवलेलं पत्र

आता सर्व्हरवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड, लावला. गाळणी फक्त ‘आयसीएमपी’. मॅडमनी पुन्हा जुना उतारा उघडला आणि पडद्यावर ओळी येऊ लागल्या : गेटवेकडून सर्व्हरकडे, अमुक पत्ता अनरीचेबल, नीड टू फ्रॅग, एमटीयू १४२०, लांबी ५५६. थोड्या वेळाने पुन्हा तीच ओळ. मग दुप्पट वेळाने पुन्हा. एसएसमध्ये बॅकऑफचा आकडा वाढत होता, त्याच ठेक्यात ही ओळ येत होती.

गेटवे आपलं काम चोख करत होता. निरोप सर्व्हरच्या नेटवर्क कार्डापर्यंत येत होता. टीसीपीडम्प आत येणारी पॅकेटं फायरवॉलच्या आधी पाहतो, ही गोष्ट इथे कळीची. टीसीपीडम्पला दिसलं म्हणजे दारापर्यंत आलं. घरात शिरलं की नाही हे त्यातून कळत नाही. पत्र टपालवाल्याने आणून दिलं होतं, दारावरचा पहारेकरी ते फाडून टाकत होता.

एक बारीक सूचना, कारण इथे अनेक जण बिचकतात. सर्व्हरवर टीसीपी पॅकेटं पाहताना २९२० किंवा ४३८० अशा लांबीची पॅकेटं दिसू शकतात. ती तारेवर तशी जात नाहीत. कर्नल मोठा तुकडा देतो आणि तोडणी पुढे, बरेचदा नेटवर्क कार्डवरच होते. ‘इथटूल -के’ने हे चालू आहे का ते पाहता येतं. मूळ दोषाशी त्याचा संबंध नव्हता.

पहारेकरी कोण, हे पाहायला आयपीटेबल्सची, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांची, यादी काढली, आकड्यांसकट आणि ओळ क्रमांकांसकट. आत येणाऱ्या साखळीत पहिला नियम लूपबॅकचा, म्हणजे मशीनच्या स्वतःशीच बोलण्याचा. दुसरा : पिंगची विनंती येऊ द्या. तिसरा : पिंगचं उत्तर येऊ द्या. चौथा : बाकी सगळं आयसीएमपी फेकून द्या. पाचवा : चालू आणि संबंधित कनेक्शनची पॅकेटं येऊ द्या. त्याखाली वेब आणि एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) यांची दारं.

चौथ्या नियमापुढे पॅकेटांचा मोजका असतो. यादीवर ‘वॉच’ लावला, दर सेकंदाला ताजी होईल असा, आणि बदल उठून दिसेल असा पर्याय दिला. मॅडमनी उतारा उघडला. मोजका एकाने वाढला. थोड्या वेळाने पुन्हा एकाने. त्यांनी खिडकी बंद केली, मोजका थांबला. सॉफ्टवेअरवाले आणि डेटा सेंटरवाले दोघेही त्या वेळी स्क्रीन शेअरिंगवर होते. वाद तिथेच संपला, कारण समोर हलणारा आकडा होता आणि त्यावर कुणाचं मत चालत नाही.

गंमत म्हणजे पाचवा नियम चौथ्याच्या वर असता तर काहीच बिघडलं नसतं. लिनक्सची कनेक्शन-नोंद अशा निरोपाला “संबंधित” समजते, कारण निरोपाच्या पोटात मूळ पॅकेटचा तुकडा असतो आणि त्यावरून तो कुठल्या कनेक्शनचा ते ओळखता येतं. नियम बरोबर होते, क्रम चुकला होता. जुन्या खोलीत असताना सर्व्हरवर ही फायरवॉलच नव्हती. नव्या मशीनवर ती डेटा सेंटरच्या सुरक्षा-यादीतून आयती आली होती.

आयसीएमपी बंद करण्याची भीती कुठून आली

ही भीती निराधार नव्हती. १९९६-९७ च्या सुमारास अवाजवी मोठ्या पिंगने मशीन कोसळवण्याचा प्रकार गाजला. १९९८ च्या सुरुवातीला स्मर्फ हल्ल्याबद्दल सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने इशारा दिला : बळीच्या नावाने प्रसारण-पत्त्यावर पिंग टाकायचा, म्हणजे अख्खं नेटवर्क बळीला उत्तरं देऊन बुडवतं. तेव्हापासून “आयसीएमपी बंद करा” हे वाक्य याद्यांमध्ये शिरलं ते अजून तिथेच आहे. मधल्या काळात कर्नल सुधारले. प्रसारण-पत्त्यावरच्या पिंगला लिनक्स मुळातच उत्तर देत नाही. आणि या सरसकट बंदीने कनेक्शन कशी काळ्या विवरात अडकतात हे २००० साली आरएफसी २९२३ ने लिहून ठेवलंय. तरीही यादी बदलत नाही. मला याचा राग येतो, कारण या बंदीने हल्लेखोराचं काही अडत नाही, शाखेत रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं अडतं. अतिरेक टाळायचा असेल तर पिंगच्या विनंतीवर दर मिनिटाची मर्यादा घाला. चुकांचे निरोप मात्र अडवू नका : प्रकार ३ (पोचता येत नाही) आणि प्रकार ११ (वाटेत मुदत संपली) आत आलेच पाहिजेत.

दुरुस्ती

दुरुस्तीसाठी तीन सूचना पुढे आल्या. सॉफ्टवेअरवाल्यांची : सगळ्या शाखांच्या संगणकांवर एमटीयू १४०० करा. ती चालली असती, कारण मग संगणकच लहान एमएसएस सांगतो. पण उद्या नवा संगणक आला की पुन्हा तेच, आणि तोवर हे सगळे विसरलेले असतात. दुसरी : गेटवेवर एमएसएस दाबून बसवा, म्हणजे कनेक्शन जुळतानाच तो आकडा कमी करा. तिसरी : फायरवॉलचा क्रम सुधारा.

मी आधी तिसरी, मग दुसरी, असा आग्रह धरला. एमएसएस दाबल्याने टीसीपीचा प्रश्न सुटतो, पण मूळ दोष झाकला जातो. यूडीपीवर चालणारं काहीही उद्या आणलं तर ते पुन्हा त्याच भिंतीवर आपटेल, आणि तेव्हा कुणाला कारण सापडणार नाही.

सर्व्हर दोनशेहून अधिक किलोमीटरवर होता आणि आम्ही एसएसएचवरून त्याच्याच फायरवॉलला हात लावणार होतो. इथे घाई करणारा माणूस स्वतःलाच बाहेर कोंडून घेतो. शाखांचा दिवस-अखेर पूर्ण झाल्यावर काम घेतलं. आधी ‘आयपीटेबल्स-सेव्ह’ने सध्याचे नियम एका फाइलमध्ये उतरवले. मग ‘अ‍ॅट’ कमांडने पाच मिनिटांनी तीच फाइल परत बसवण्याचं काम नोंदवून ठेवलं. संपर्क तुटलाच, तर पाच मिनिटांत जुने नियम आपोआप परत येणार. मग पाचवा नियम चौथ्याच्या वर नेला. दुसऱ्या खिडकीतून नवं एसएसएच लॉगिन करून पाहिलं. चालू असलेलं कनेक्शन टिकलं म्हणजे नवं कनेक्शन होईलच असं नसतं, म्हणून ही पायरी कधी गाळायची नाही. लॉगिन झालं, तेव्हा नोंदवलेलं काम रद्द केलं. नवे नियम कायमच्या फाइलमध्ये लिहिले, कारण मशीन पुन्हा सुरू झालं की हातचे नियम पुसले जातात.

त्या वेळी शाखेत थांबलेल्या कर्मचाऱ्याने रोजकीर्द उघडली. आली. सर्व्हरवर ‘आयपी रूट गेट’ला त्या संगणकाचा पत्ता दिला तर उत्तरात कॅशची मुदत ५९७ सेकंद आणि एमटीयू १४२० असं दिसलं. म्हणजे कर्नलने निरोप वाचला आणि लक्षात ठेवला. ही आठवण मुळात ६०० सेकंदांची असते. मुदत संपली की सर्व्हर पुन्हा १५०० पासून सुरू करतो, एक मोठं पॅकेट वाया जातं, निरोप येतो आणि गाडी रुळावर येते. एसएसमध्ये आता पीएमटीयू १४२०, एमएसएस १३८०.

ते एक पॅकेटही वाया जाऊ नये म्हणून गेटवेवर मँगल (पॅकेटांत बदल करणाऱ्या) तक्त्याच्या पुढे-पाठवणीच्या साखळीत टीसीपीएमएसएसचा नियम घातला, वाटेच्या मापाला एमएसएस दाबणारा. तो कनेक्शनच्या पहिल्या हस्तांदोलनातच आकडा कमी करतो, त्यामुळे दोन्ही टोकं सुरुवातीपासून योग्य मापात बोलतात. नेट.आयपीव्ही४.टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग ही कर्नलची सोय १ करण्याचाही विचार झाला. निरोप मिळालाच नाही तर टीसीपी स्वतः लहान पॅकेटं टाकून माप शोधतो, आरएफसी ४८२१ मधल्या पद्धतीने. परक्या नेटवर्कशी बोलणाऱ्या सर्व्हरवर मी ती जरूर चालू करतो. इथे दोन्ही टोकं आपल्याच ताब्यात होती, म्हणून तशीच ठेवली.

डेटा सेंटरवाल्यांनी त्यांच्या सुरक्षा-यादीतला चौथा नियम काढायला सुरुवातीला नकार दिला. मोजक्याचं चित्रण पाठवल्यावर त्यांनी यादीतला क्रम बदलला आणि संबंधित कनेक्शनचा नियम सगळ्यात वर नेला. पुढच्या वर्षी गेटवेला आयपीव्ही६ मिळणार आहे. तिथे वाटेतले राउटर पॅकेट कधीच तोडत नाहीत, त्यामुळे “पॅकेट फार मोठं” हा आयसीएमपीव्ही६ चा निरोप अडवला तर सुटकेची वाटच राहत नाही. तो नियम आताच लिहून, शेजारी कारणाची टीप घालून ठेवला आहे.

नवी शाखा जोडताना आता दोन्ही बाजूंनी दोन पिंग घेतले जातात. १३९२ ला उत्तर आलं पाहिजे. १३९३ ला स्पष्ट नकार आला पाहिजे, आणि त्या नकारात १४२० हा आकडा दिसला पाहिजे. १३९३ ला शांतता मिळाली तर शाखा सुरू करायची नाही.